जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन, अर्धवट टाकलेलं काम आणि कॉन्ट्रॅक्टरशी वाद: सात-आठ महिने राहिल्यानंतरचा अनुभव

रिनोव्हेशन झालं की लोक पहिल्याच आठवड्यात फोटो काढतात, चांगला रिव्ह्यू देतात आणि विषय संपतो. पण बाथरूमची गळती, सिंकखालचं फुगलेलं प्लाय, कुठली फरशी पोकळ वाजते हे सगळं घरात राहायला लागल्यावर चार-सहा महिन्यांनी कळतं, म्हणून मी मुद्दाम थांबून आता लिहितेय. कॉन्ट्रॅक्टरचं नाव देत नाही कारण प्रकरण सध्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे, पण काम काय झालं, काय राहिलं आणि पैशांवरून काय काय झालं ते सगळं सांगते.

फ्लॅट ठाण्यात नौपाड्यात, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, टू बीएचके. दोन्ही बाथरूम फोडून नवीन, किचन ओटा आणि ट्रॉल्या, सगळी फरशी, वायरिंग, प्लंबिंग, रंग असं सगळं एकाच माणसाला दिलं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्यासाठी कॉमन बाथरूममध्ये उंबरठा नको, भिंतीला धरायला बार हवेत, फरशी घसरणारी नको, हे सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि ते पहिल्या मीटिंगलाच सांगितलं होतं. कोटेशन ११ लाख ४० हजार. टाइल्सची मजुरी स्क्वेअर फुटावर, बाकी ठोक. गणपतीच्या आधी घर ताब्यात देतो असं ठरलं होतं. प्रत्यक्षात दिवाळी भाड्याच्या घरात गेली आणि शेवटी काम पूर्ण न होताच आम्ही राहायला आलो, कारण भाडं आणि होम लोनचा हप्ता दोन्ही एकदम भरणं झेपत नव्हतं.

आधी जे चांगलं झालंय ते लिहिते, कारण ते न लिहिणं त्या कामगारांवर अन्याय होईल. वायरिंग एक नंबर झालंय. इलेक्ट्रिशियन पोरगा विशीतला, पण कामाला चोख. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, किचनच्या मोठ्या सॉकेटना २.५ ची, लाइट-पंख्यांना १.५ ची, प्रत्येक लाइन वेगळ्या एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या बॉक्समध्ये, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच. थंडीत गीझरची कॉइल गेली तेव्हा पाण्यात करंट उतरायच्या आत आरसीसीबी पडला आणि परत वर राहीचना, म्हणून तर कळलं की गीझर खराब झालाय. सासूबाई त्याच बाथरूममध्ये आंघोळीला जाणार होत्या. त्या मुलाला मी आजही मनापासून दुवा देते. हॉलची फरशीही छान बसलीय, लेव्हल सरळ, लाकडी दांडक्याने वाजवून बघितलं तर कुठेच पोकळ नाही.

आता बाथरूम. जुनं बाथरूम फोडलं की सनक स्लॅबवर (बाकी घरापेक्षा खाली घेतलेला बाथरूमचा स्लॅब) वॉटरप्रूफिंगचा केमिकल कोट, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालचा भाग) पाइप स्लॅबमधून जातो तिथे भोवती नीट सील, आणि मग टाइल लावायच्या आधी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं. निदान ४८ तास. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारायची आणि रेघ खाली जाते का, खालच्या घराच्या छताला ओल येते का ते बघायचं. ही पाँड टेस्ट कोटेशनमध्ये लिहिलेली होती. मास्टर बेडरूमच्या बाथरूमला कॉन्ट्रॅक्टरने केलीही. कॉमन बाथरूमला मात्र संध्याकाळी पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचेपर्यंत पाणी काढून मिस्त्री टाइल्सचा माल कालवत होता. विचारलं तर म्हणे, "मॅडम, माणसं परवा गावाला चाललीत, आज नाही बसवलं तर महिनाभर लटकेल. माझी गॅरंटी आहे, काही होत नाही." नवरा तिथल्या तिथे नको म्हणाला, मिस्त्रीने काम थांबवलंसुद्धा, पण आम्ही ऑफिसला गेल्यावर परत सुरू केलं आणि संध्याकाळी बघतो तर अर्धी फरशी बसलेली. थांबवायला सांगितलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आहे आणि पुढे तोच फार कामाला आला.

राहायला आल्यावर दोनेक महिन्यांत खालच्या काकूंचा फोन. "अगं, आमच्या बाथरूमच्या छताला पोपडे धरलेत, थेंब थेंब पडतंय, जरा येऊन बघतेस का?" खाली गेले तर आमच्या नहाणीच्या बरोबर खाली ताटाएवढा ओला डाग आणि रंग फुगून लोंबत होता. काकूंनी एका शब्दाने त्रागा केला नाही, पण वरून गळतंय म्हणजे दुरुस्ती आमच्या खर्चाने हे उघड होतं, सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्येही फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदाचाच धरलाय, आणि कमिटीचं पत्र आठवड्याभरात हातात पडलं.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर पहिली प्रतिक्रिया, जुनी बिल्डिंग आहे, स्लॅबच गळत असणार. मग म्हणे ड्रेनेजची कॉमन लाइन असेल. मग उद्या माणूस पाठवतो. ते उद्या काही उगवलं नाही. शेवटी आम्ही बाहेरचा प्लंबर आणला. त्याने आधी पाण्याच्या पाइपलाइनला प्रेशर पंप लावून ठेवला, काटा हलला नाही म्हणजे भिंतीतली सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक पाइपची, लाइन बरोबर. मग ट्रॅप बंद करून फरशीवर रंग घातलेलं पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर तोच रंग उतरला. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढल्यावर दिसलं की पाइप आणि स्लॅबच्या मधली फट नुसत्या सिमेंटने बुजवली होती, सील असं काही नव्हतंच. त्या फटीत माझं बोट जात होतं. हे सगळं फोटो आणि व्हिडिओमध्ये घेतलंय.

दुसरी गोष्ट प्लायची. कोटेशनमध्ये किचनला आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं, लिहिलंय. सिंकखालच्या कॅबिनेटची खालची कड काही महिन्यांतच फुगून पदर सुटायला लागले. मावसभाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने मागची पट्टी काढून टॉर्च मारला तर शिक्क्यावर आयएस ३०३ आणि एमआर ग्रेड, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं साधं प्लाय. ते प्लाय बेडरूमच्या कपाटाला ठीक आहे, सिंकखाली ते टिकत नाही. ज्यांचं काम आता चालू असेल त्यांनी सुतार कापायला घेण्याच्या आधी प्रत्येक शीटवरच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, कारण लॅमिनेट चिकटलं की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही.

आणि जे अर्धवट राहिलं ते तर वेगळंच. ट्रॉल्यांचे चॅनेल लागले, ट्रॉल्या आल्याच नाहीत, म्हणजे ओट्याखाली नुसती भोकं. एका बेडरूमला स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) नाही. माळ्याला दारं नाहीत. कॉमन बाथरूमचे ते धरायचे बार, ज्यासाठी मी पहिल्या दिवसापासून मागे लागले होते, ते शेवटपर्यंत लावले नाहीत. सासूबाई कितीतरी दिवस दाराच्या चौकटीला धरून आत जात होत्या आणि मी बाहेर उभी. ट्रॉलीविना चालून जातं, पण या बारचा विषय निघाला की मला अजूनही संताप येतो.

आता काम का थांबलं, तर माझ्या मते उत्तर पैशांच्या टप्प्यात आहे. त्याच्या छापील कोटेशनमध्ये ३० टक्के अ‍ॅडव्हान्स, ३० टक्के टाइल्सचं काम सुरू होताना, ३० टक्के सुतारकाम सुरू होताना आणि १० टक्के शेवटी असं होतं. म्हणजे सुताराने करवत हातात घेतली की कॉन्ट्रॅक्टरकडे ९० टक्के पैसे, १० लाख २६ हजार, पोचलेले असतात आणि काम मात्र निम्म्यावर. त्यानंतर त्याला आपल्या साइटवर माणूस ठेवण्यात काही फायदा उरत नाही, घोडबंदर रोडला नवीन साइट मिळाली की तिथली उचल घ्यायची आणि माणसं तिकडे हलवायची, असं चक्र असतं. बिल्डिंगमधल्या अजून एका घराचंही वेगळ्याच कॉन्ट्रॅक्टरकडून असंच झालं. पैसे काम पूर्ण झाल्यावर द्यायचे, सुरू झाल्यावर नाही, आणि वॉटरप्रूफिंगचा हप्ता पाँड टेस्ट पास झाल्यावरच, हे कोटेशनवर सही करतानाच बदलून घ्या, कितीही घाई असली तरी.

उरलेलं काम कर म्हटल्यावर त्याने उलट १ लाख ३५ हजारांचं एक्स्ट्रा बिल पाठवलं आणि ते दिल्याशिवाय माणूस येणार नाही म्हणाला. आम्ही टेप घेऊन बसलो. उदाहरण सांगते. कॉमन बाथरूम ७ बाय ४ फूट, भिंतीच्या टाइल्स ७ फुटांपर्यंत, म्हणजे २२ गुणिले ७, १५४ स्क्वेअर फूट. त्यातून दाराचे साडेसतरा आणि व्हेंटिलेटरचे ३ वजा केले की उरतात १३३.५. त्याने दार-खिडकी वजा न करता पूर्ण १५४ धरले आणि वर १० टक्के वेस्टेज लावून १६९ ची मजुरी लावली. वेस्टेज टाइल्स विकत घेताना धरतात, कारण कापताना तुकडे वाया जातात. जी टाइल भिंतीवर लागलीच नाही तिची मजुरी कसली? एका बाथरूममध्ये ३५ स्क्वेअर फूट, तसं सगळ्या घरात. त्या बिलातले वाढीव लाइट पॉइंट आणि एक जास्तीची कडप्प्याची मांडणी आम्ही सांगितली होती, ते साधारण ३० हजार होतात आणि ते द्यायला आम्ही आधीही तयार होतो आणि आताही आहोत, तसं लेखी कळवलंय.

पोलीस स्टेशनला गेलो तर हे सिव्हिल मॅटर आहे म्हणाले. महारेराचं बरेच जण सुचवतात पण ते बिल्डर, प्रोजेक्ट आणि एजंट यांच्यासाठी आहे, घरातल्या रिनोव्हेशनच्या कॉन्ट्रॅक्टरला लागू होत नाही. खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर आधी तक्रार नोंदवली, कॉन्ट्रॅक्टरला तिथून विचारणा झाली, त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग वकिलाची नोटीस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आपण मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि त्यावर आमच्यासारख्यांना काही शे रुपयेच. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण आम्ही लावला. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती "उद्या करतो" ऐकण्यात घालवू नका.

एक गोष्ट आमच्या वकीलबाईंनी फार नीट सांगितली. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घ्यायच्या आधी पुरावा पक्का करा, नाहीतर बाथरूम फोडलं की मूळ चूक काय होती ते सिद्ध करायला काही हातात राहत नाही. म्हणून आधी फोटो, मग चार्टर्ड इंजिनिअरचा पाहणी रिपोर्ट, त्यात काय झालंय, काय राहिलंय, काय चुकलंय आणि ते नीट करायला किती खर्च येईल हे वेगवेगळं, मग कॉन्ट्रॅक्टरला १५ दिवसांची लेखी मुदत की येऊन दुरुस्त कर, आणि तो आला नाही की मगच दुसरा माणूस. यात वेळ जातो, घरात गळती चालू असताना हे सगळं करताना नाकी नऊ येतात, काकूंना रोज तोंड दाखवायला नको वाटायचं. पण रिपोर्ट हातात आल्यावर त्याची "जुना स्लॅब"ची भाषा बंद झाली हे खरं.

सध्या कॉमन बाथरूम दुसऱ्याकडून पूर्ण फोडून करून घेतलंय, पाँड टेस्ट या वेळी तीन दिवस ठेवली, काकू स्वतः रोज छत बघून सांगत होत्या. बार पहिल्याच दिवशी लावून घेतले. काकूंचं छत सुकत आलंय, पूर्ण कोरडं झालं की पोपडे खरवडून रंग आम्ही देणार आहोत. ट्रॉल्या अजून नाहीत, किचनचं प्लाय बदलल्याशिवाय त्या घालण्यात अर्थ नाही आणि ते काम पैसे जमतील तसं. कॉन्ट्रॅक्टरला आयोगाची नोटीस गेली, उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ मिळतात, त्याने अगदी शेवटी शेवटी वकिलामार्फत उत्तर दाखल केलं की ग्राहकाने सारखे बदल सांगितले आणि एक्स्ट्रा बिल थकवलं. मागच्या तारखेनंतर त्याच्याकडून निरोप आला की शेवटचे १० टक्के द्या, काही तक्रार नाही अशा पत्रावर सही करा, दोन दिवसांत ट्रॉल्या बसवून देतो. ते १ लाख १४ हजार बँकेत वेगळे ठेवलेत, आयोग म्हणेल तेव्हा भरू. पत्रावर सही केलेली नाही, आणि पुढच्या तारखेला प्लायचा शिक्का असलेला तुकडा सोबत न्यायला वकीलबाईंनी सांगितलंय.