क्रिमसन क्वीन होया, २३ महिन्यांनंतर: ती खुंटी कापू नका

परवा मैत्रिणीचा फोन आला. एप्रिलमध्ये माझ्याकडचा होया, म्हणजे फुलं येणारी शोभेची एक वेल, फुललेला पाहून तिनेही त्याच ऑनलाइन नर्सरीतून तोच मागवला होता. खोकं उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "अगं, यांच्या कार्डावर लिहिलंय, फुलं गळाली की दांडे मुळापासून छाटा. दोन सुकलेले दांडे आहेत. छाटू का?" मी जवळजवळ ओरडलेच. याच एका ओळीपायी माझा पहिला अख्खा मोसम गेला. ती ओळ बदला म्हणून मी त्या लोकांना तीनदा लिहिलं. जवळपास दोन वर्षांनी तेच कार्ड, तीच ओळ. म्हणून आज लिहायला बसले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी याच झाडाबद्दल लिहिलं होतं आणि पाचपैकी दोन तारे दिले होते. झाडाबद्दलचं ते मत आता मागे घेते. विकणाऱ्यांबद्दलचं कायम आहे.

पांढऱ्या कडांचा होया कार्नोसा, म्हणजे क्रिमसन क्वीन. पांढरट रंग पानाच्या मधोमध आणि कडा हिरव्या असतील तर ती क्रिमसन प्रिन्सेस. विकताना दोन्ही सर्रास एकमेकींच्या नावावर खपतात, तेव्हा फोटो मोठा करून बघा. मी जुलै २०२३ मध्ये ७४९ रुपयांना घेतला, वर पाठवणीचे ९०. आमच्या सिंहगड रोडच्या बाजूला साधा हिरवा होया दोनशेला मिळत होता, त्यामुळे चौपट पैसे मोजताना हात थबकला होता. पण जाहिरातीत "फुलण्याच्या वयाचं झाड" असं लिहिलं होतं आणि तेवढं मात्र खरं निघालं. हातभर लांबीच्या चार वेली, आणि त्यांच्यावर तीन खुंट्या.

आता ही खुंटी म्हणजे काय ते सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. होयाच्या वेलीवर पेरापाशी बोटभर लांबीचा, पान नसलेला एक दांडा निघतो. त्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका धरतो. फुलं गळाली तरी दांडा राहतो. टोकाशी खडबडीत, तपकिरी, बघणाऱ्याला वाटावं की वाळून गेलाय. पण तो जिवंत असतो. पुढच्या बहराला त्याच टोकातून कळ्या येतात, त्याच्या पुढच्यालाही तिथूनच, आणि दर वेळी दांडा किंचित लांबतो. आपल्या हाताला वळण गुलाबाचं आणि मोगऱ्याचं. गुलाबाचं सुकलेलं फूल देठासकट काढायचं, मोगऱ्याची छाटणी केली की बहर चांगला येतो. तीच कात्री होयाच्या खुंटीला लावली की बहराची जागाच जाते. मग वेल नवी खुंटी कधी धरेल त्याची वाट बघत बसायचं.

मी तिन्ही कापल्या. कार्ड समोर ठेवून, कात्री स्पिरिटने पुसून, अगदी मन लावून कापल्या. कापल्या जागेतून पांढरा चीक टपटप गळला. तो होयाला असतोच, कारण हे रुईच्या कुळातलं झाड. शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई, दारातली सदाफुली, कण्हेर, तगर, सगळी याचीच भावंडं. पण वाळलेल्या म्हणून कापलेल्या दांड्यातून एवढा चीक येतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यानंतर ऑगस्टमध्ये एक वेल कुजली. तीही त्यांच्याच कृपेने, कारण झाड निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावून पाठवलं होतं. पुण्याच्या पावसाळी हवेत कोकोपीट दहा-दहा दिवस ओलं राहतं. होया मुळात दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढणारी वेल, दक्षिण चीन, तैवान, जपानचा दक्षिण भाग अशा मुलखातली. आपल्या सह्याद्रीतही होया वायटी नावाची याची एक बहीण झाडांच्या सालीला धरून वाढते. अशा मुळांना ओलावा हवा, पण त्याहून जास्त वारा हवा. मी कुंडी बदलली. नारळाच्या सोडणाचे कापलेले तुकडे, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), कोळशाचे बारीक खडे आणि मूठभर गांडूळखत. सोडणं रोजच्या नारळाची, कोळसा इस्त्रीवाल्याकडून, त्यामुळे खर्च फक्त परलाइटचा झाला. तेव्हापासून एकही मूळ कुजलेलं नाही.

पाण्याचा हिशोब असा. पावसाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, आणि डिसेंबर-जानेवारीत तर तीन आठवड्यांनी एकदा. खालचं जुनं पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवायचं. ताठ असेल तर पाणी नको, लवचिक झालं असेल तर द्यायचं. हे झाड निवडुंग आणि अननसासारखं पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फारसं उडून जात नाही. गावाला जाताना शेजाऱ्यांना चावी द्यावी लागत नाही, हा मला मोठाच फायदा वाटतो.

उजेड मात्र भरपूर लागतो. पहिले सहा महिने मी त्याला हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं, कारण वेली तिथून सुंदर खाली उतरत होत्या. वाढ जवळजवळ थांबली. फेब्रुवारीतले दोन तारे त्या फळीवरून दिले होते, हे आज मान्य करते. पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, सगळं मधल्या हिरव्यावर चालतं, त्यामुळे साध्या होयापेक्षा याला उजेड जास्त द्यायला हवा. आता ते स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत, ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगलंय. सकाळचं दोन-अडीच तास कोवळं ऊन मिळतं. नवी पानं गुलाबी येतात, मग मलईच्या रंगाची, मग पांढरी. मधे पंधरा दिवस पश्चिमेच्या खिडकीत लावून बघितलं, तर मार्चच्या उन्हाने पांढऱ्या कडा भाजून तपकिरी झाल्या.

कात्रीला याच्याकडे एकच काम आहे. माझ्या एका वेलीवर सलग पूर्ण हिरवी पानं यायला लागली. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि हळूहळू सगळं झाड हिरवं करून टाकते, म्हणून तिला शेवटच्या पांढऱ्या कडेच्या पानापर्यंत मागे कापली. उलट, वेलीला कधीकधी पान नसलेला वीतभर लांब, चाबकासारखा शेंडा फुटतो, तो कापायचा नाही. पानं नंतर येतात, आणि माझ्याकडच्या दोन खुंट्या अशाच शेंड्यांवर धरल्या आहेत. कार्डावर यांपैकी एक अक्षर नाही. जे कापायचं ते सांगितलेलं नाही, आणि जे कापायचं नाही तेवढंच कापायला सांगितलंय!

पहिली नवी खुंटी दिसली एप्रिल २०२४ मध्ये. टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या आणि नेमकं तेव्हाच घराचं रंगकाम निघालं. चार दिवस कुंडी आतल्या खोलीत ठेवली. कळ्या पिवळ्या पडल्या आणि एकेक करून गळाल्या. कळी धरली की जागा बदलायची नाही, कुंडी फिरवायचीही नाही, आणि मुळं कोरडीठक्क पडू द्यायची नाहीत. हे मी नंतर शिकले. यंदा त्या दिवसांत खिडकीचा पडदासुद्धा जपून ओढत होते.

पण ती खुंटी मी राहू दिली. आणि २०२५ च्या मार्चअखेरीस तिच्याच टोकातून, जिथून कळ्या गळाल्या होत्या तिथूनच, नवा झुबका आला. मी ते रोज सकाळी चहा ठेवताना बघत होते. आधी मोहरीएवढे, मग मुगाएवढे, मग पंचकोनी फुगीर दाणे, आणि एका संध्याकाळी सगळे जवळपास एकदम उघडले. एकवीस फुलं मोजली. प्रत्येक फूल म्हणजे फिकट गुलाबी, मखमली लव असलेली पाच टोकांची चांदणी, तिच्या मधोमध दुसरी छोटी चकचकीत चांदणी, आणि तिच्या पोटात गडद लाल. सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हे तर हलव्याच्या दागिन्यातलं फूल दिसतंय." याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही.

वास रात्री येतो. दिवसभर जवळजवळ नाही, आणि साडेआठ-नऊनंतर गरम दुधात मध ढवळल्यासारखा, गोड आणि दाट. सासूबाई गुडघ्यांमुळे खाली बागेत जात नाहीत. त्या आठ रात्री त्यांनी खुर्ची स्वयंपाकघरात ओढून घेतली होती. ७४९ रुपये तिथेच वसूल झाले.

त्रासही सांगते. प्रत्येक फुलातून मधाचा थेंब लोंबतो आणि ओट्यावर पडतो. चिकट असतो, मुंग्या येतात. मी खाली जुनं ताट ठेवलं. दुसरं म्हणजे मावा. कळ्यांच्या देठांवर पिवळाधमक मावा बसला, अगदी रस्त्याकडेच्या रुईवर असतो तोच. कुळ एक, म्हणून कीडही एक. कळ्यांवर काही फवारायची भीती वाटली, म्हणून ओल्या कापसाने दोन दिवस पुसून काढला. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण झाला तेव्हा मात्र निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी, दर आठवड्याला एकदा असं महिनाभर फवारलं.

आता पुन्हा त्या कार्डाकडे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा उत्तर आलं, रोप पोहोचल्यापासून सात दिवसांची हमी असते, मुदत संपली आहे. मी पैसे मागितलेच नव्हते. दुसऱ्यांदा तसं स्पष्ट कळवलं, तर पुन्हा तेच छापील उत्तर. तिसऱ्यांदा दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं, जे मी वापरलं नाही. एक ओळ पुसायला काय खर्च येतो? हेच लोक फेब्रुवारीत होयाचं एकेक हृदयाच्या आकाराचं पान कुंडीत खोचून १९९ रुपयांना विकतात. त्या पानाला पेर नसेल तर ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. हेही घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये या वेलींच्या वंशाला होया हे नाव दिलं, ते टॉमस हॉय नावाच्या एका माळ्यावरून. लंडनजवळच्या सायन हाउसची बाग तो सांभाळायचा. ज्या झाडाच्या नावातच माळी आहे, त्याच्याबरोबरचं कार्ड निदान ते झाड फुलवलेल्या माणसाकडून लिहून घ्यायला हवं.

तारे म्हणाल तर झाडाला पाच. पॅकिंगला चार, वेली कागदात नीट गुंडाळलेल्या होत्या. कार्डाला शून्य. पूर्वेची खिडकी आणि दोन वर्षांचा धीर असेल तर जरूर घ्या, पण जवळच्या नर्सरीत खुंटी असलेलं झाड मिळालं तर तिथूनच घ्या, हाताने उचलून, खुंट्या मोजून.

सध्या माझ्याकडे पाच खुंट्या आहेत, त्यांतल्या दोन या जूनमध्ये दुसऱ्यांदा कळ्या धरतायत. घरात कुणाच्या हातून चुकून कात्री लागू नये म्हणून प्रत्येकीला लाल लोकरीचा सैल धागा बांधलाय. काल मैत्रिणीकडे जाऊन तिच्या दोन्ही खुंट्यांनाही बांधून आले, आणि ते कार्ड तिच्याकडून मागून घेऊन आले.