घरी बांधलेल्या बँडसॉसाठी १२ व्होल्टचा हायड्रॉलिक संच: पकडायला चांगला, उचलायला अपुरा

स्वतः बँडसॉ (पट्टीच्या पात्याने ओंडके चिरणारे यंत्र) बांधणाऱ्यांसाठी तयार हायड्रॉलिक संच विकले जातात. त्यांतला नेहमी दिसणारा प्रकार असा: १२ व्होल्टची २ किलोवॅट मोटर, तिलाच बसवलेला गिअर पंप, ८ लिटरची टाकी, चार लिव्हरचा वॉल्व्ह ब्लॉक, ओंडका बेडवर चढवणाऱ्या दोन हातांसाठी ६३ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ६०० मिमी स्ट्रोकचे (दांड्याची सरक) दोन सिलिंडर, ओंडका फिरवणाऱ्या पंज्यासाठी एक, क्लॅम्पसाठी ४० मिमी बोअरचा एक, आणि होज (तेलाच्या नळ्या). क्लॅम्प आणि ओंडक्याचे टोक उचलणारा रोलर यांच्यासाठी हा संच खुशाल घ्यावा. दिवसभर ओंडके चढवायचे आणि फिरवायचे असतील तर घेऊ नये.

कारण पॉवर पॅकमध्येच, म्हणजे मोटर, पंप आणि टाकी यांच्या जोडणीतच आहे. हा पॅक मुळात डंपिंग ट्रॉलीचा. ट्रॉली एकदा उचलली की मोटरला बराच वेळ आराम. चिरकामात तसे नसते. ओंडका एकदा चढतो, तीन-चार वेळा फिरतो, आणि दर वेळी क्लॅम्प सुटतो नि परत बसतो. पूर्ण दाबाखाली ही मोटर २०० अँपिअरच्या वर खेचते, त्यामुळे आधी केबलची टोके तापतात, मग कार्बन ब्रश. ८ लिटर तेलाला थंड व्हायला पृष्ठभागही मिळत नाही.

वेगही बेताचाच. १५० बार दाबाला २ किलोवॅटमधून मिनिटाला जास्तीत जास्त साडेसहा लिटर तेल मिळते. चढवणीच्या दोन सिलिंडरांना पूर्ण स्ट्रोकसाठी पावणेचार लिटर लागते, म्हणजे सुमारे ३५ सेकंद. एवढे चालून जाते. खरी अडचण जोराची आहे.

६० सेमी व्यासाचा, ३.६ मीटर लांबीचा ओंडका जवळजवळ एक घनमीटर भरतो. ओले कठीण लाकूड असेल तर वजन टनाच्या आसपास. ओंडक्याचा मध्य हातांच्या बिजागरीपासून ७५ सेमीवर आणि सिलिंडरची रेषा बिजागरीपासून १५ सेमीवर असेल, तर सिलिंडरांना मिळून ५ टन जोर लावावा लागतो. ६३ मिमीचा सिलिंडर १५० बारला पावणेपाच टन देतो, दोन मिळून साडेनऊ. कागदावर दुप्पट शिल्लक दिसते. पण हात जमिनीवर आडवे असताना सिलिंडर हातालाच जवळपास समांतर असतो आणि ते १५ सेमी अंतर ८ सेमीवर येते. मग लागतात ९.४ टन. म्हणजे शिल्लक काहीच उरत नाही आणि सुरुवातीलाच रिलीफ वॉल्व्ह (जास्तीचा दाब टाकीत सोडणारा) किंचाळतो. पंप मोठा करून यात काही होत नाही, दाब तेवढाच राहतो. सिलिंडरचे खालचे टोक बिजागरीच्या रेषेपासून आणखी खाली घ्यावे, नाहीतर ८० मिमी बोअर घ्यावा. ८० मिमीला तेल दीडपटीहून जास्त लागते, तेवढा वेळ वाढतो.

दोन हात एकमेकांना न जोडता दोन सिलिंडर एका लिव्हरवर घेतले, तर तेल आधी हलक्या बाजूला जाते आणि ओंडका तिरका चढतो. संचाच्या चित्रात हात सुटेच दाखवतात, हे चूक आहे. १०० मिमी व्यासाच्या, ६ मिमी जाडीच्या पाइपने दोन्ही हात वेल्डिंग करून एक करावेत.

सर्वांत मोठी तक्रार मात्र भार धरून ठेवणाऱ्या वॉल्व्हची. तो दिलेलाच नाही. स्पूल वॉल्व्ह (लिव्हरने सरकणाऱ्या दांड्याने तेल वळवणारा) कितीही चांगला असला तरी थोडा गळतोच, त्यामुळे उचललेला हात हळूहळू बसतो. होज फुटला तर तो एका झटक्यात कोसळतो, आणि खाली माणूस असू शकतो. त्यासाठी काउंटरबॅलन्स वॉल्व्ह (ठरावीक दाब आल्याशिवाय तेल परत न सोडणारा) सिलिंडरच्या पोर्टवरच, म्हणजे तेलाच्या तोंडावरच बसवावा, मध्ये होज नको. त्याचे सेटिंग भाराच्या सर्वाधिक दाबापेक्षा सुमारे ३० टक्के वर ठेवावे. साधा पायलट चेक वॉल्व्ह (दुसऱ्या बाजूच्या दाबाने उघडणारा) स्वस्त पडतो, पण भार उतरवताना तो उघड-मीट करतो आणि हात धक्के खात खाली येतो.

क्लॅम्पला मात्र उलट जास्तच जोर आहे. ४० मिमी बोअर १५० बारला जवळपास दोन टन दाबतो. त्याने समोरचे टेकू झुकतात आणि चिरलेला चौकोनी ओंडका काटकोनात येत नाही. क्लॅम्पच्या पोर्टला प्रेशर रिड्यूसिंग वॉल्व्ह लावून ४० ते ५० बार ठेवले की पाचशे-सहाशे किलो मिळतात, तेवढे पुष्कळ. क्लॅम्पचे डोके बेडपासून २५ मिमीच्या आत खाली गेले पाहिजे. नाहीतर शेवटच्या फळीला पाते त्यावर आदळते.

पंजा मध्यम ओंडक्याला ठीक, बारीक ओंडका त्यावरून घसरतो. चेनने फिरवायचे असेल तर फेऱ्याला २०० सीसी तेल घेणारी ऑर्बिटल मोटर (तेलाच्या दाबावर संथ फिरणारी) १५० बारला सुमारे ४०० न्यूटन-मीटर देते. तिला मधल्या स्थितीत तेलाची वाट मोकळी ठेवणारा मोटर स्पूलच हवा. सिलिंडरचा स्पूल मधल्या स्थितीत दोन्ही पोर्ट बंद करतो, आणि फिरता ओंडका एकदम थांबून चेनला झटका बसतो.

रोज काम असेल तर १४४० आरपीएमची ३.७ किलोवॅट मोटर, फेऱ्याला ८ सीसी तेल देणारा पंप आणि ३५ लिटरची टाकी असा पॅक वेगळा बांधावा. मिनिटाला ११ लिटर मिळतात. संचातले सिलिंडर आणि वॉल्व्ह ब्लॉक त्यावर चालतात.

होज जोडायच्या फिटिंग उघडून तपासा. ३/८ इंची बीएसपीला (ब्रिटिश पद्धत) इंचात १९ आटे, एनपीटीला (अमेरिकन पद्धत) १८. एकात दुसरे घातले तर दोन आटे बसतात, मग अडकते. जोर करून आवळले तर गळते, आणि टेप गुंडाळली की तिचे तुकडे स्पूलमध्ये जातात. ३/८ इंची दोन वायरचा (तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) होज ३३० बारचा असतो, पण वळण १३० मिमीपेक्षा आखूड नको. टाकीच्या झाकणावरचा हवा आत-बाहेर सोडणारा ब्रीदर मात्र पहिल्याच दिवशी बदला, साध्या भोकातून भुसा थेट तेलात उतरतो.