वेस माँटगोमेरी : १९६० चा की १९६७ चा?
रंकाळ्यावर मित्राशी वाद झाला, अमेरिकन जॅझ गिटारवादक वेसचा आधी कोणता अल्बम ऐकायचा? माझं उत्तर पक्कं : १९६० चा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’. चौघंच वादक. तारा छेडायला पिक (छोटी पट्टी) नाही, नुसता अंगठा. आधी एकेरी सुरांची ओळ, मग सप्तकाच्या जोडसुरांत (एकच सूर दोन सप्तकांत), शेवटी भरगच्च कॉर्ड्‌स, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरातल्या कानाला ही बढत लगेच कळते. समीक्षकांनीही तो डोक्यावर घेतला.

मित्राचा कौल १९६७ च्या ‘अ डे इन द लाइफ’ला. व्हायोलिनचा ताफा, पॉप चाली. खप दांडगा, पण अनेक जॅझ समीक्षकांनी नाक मुरडलं. मला तो अन्याय वाटतो. अंगठ्याचा मऊ टोल तिथंही तसाच आहे. फक्त खुलायला जागा नाही.

गिटार शिकणाऱ्या पोरानं १९६० चाच लावावा, ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’पासून.