लोर कडक असलेल्या सर्व्हरवर काही महिने खेळल्यावर

नेव्हरविंटर नाइट्स हा बायोवेअरचा 2002 चा गेम. 2018 मध्ये बीमडॉगने त्याची एन्हान्स्ड एडिशन आणली. इतका जुना गेम आजही टिकून आहे तो त्यातल्या मूळ कथेमुळे नाही, तर सोबत येणाऱ्या टूलसेट (स्वतःचं जग बनवायचं साधन) आणि डीएम क्लायंटमुळे (ज्यातून डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, चालू खेळात हात घालू शकतो). लोकांनी त्यावर स्वतःची जगं उभी केली आणि ती दिवसरात्र चालू ठेवली. अशाच एका पर्सिस्टंट वर्ल्डवर मी बरेच महिने खेळतोय. पुढे तक्रारी आहेत, म्हणून सर्व्हरचं नाव घेत नाही. जग फरगॉटन रेल्म्सचं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातलं काल्पनिक जग. रोलप्ले, म्हणजे कॅरॅक्टरच्या भूमिकेत राहूनच बोलणं-वागणं, सक्तीचा, आणि लोरच्या, म्हणजे त्या जगाच्या ठरलेल्या इतिहास-नियमांच्या, बाहेर पाऊल टाकलं की लोर टीमचा मेसेज आलाच म्हणून समजा.

आधी ज्या सर्व्हरवर होतो तिथे सगळी मुभा होती. अर्धा ड्रॅगन, अर्धा देवदूत, हरवलेल्या साम्राज्याचा राजपुत्र, काय वाटेल ते व्हा. परिणाम असा की प्रत्येक जण आपापल्या कादंबरीचा नायक आणि दुसऱ्याची कादंबरी वाचायला कुणी तयार नाही. एका टेबलावर तीन राजपुत्र बसले की बोलणार काय? इथे आल्यावर हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला.

माझं कॅरॅक्टर थेयन एन्क्लेव्हमधला कारकून आहे. ज्यांना रेल्म्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थे हा पूर्वेकडचा देश. तिथे रेड विझर्ड राज्य करतात, जादूच्या आठ शाखांचे आठ झुल्कीर. बऱ्याच लढाया हरल्यावर त्यांनी डोकं लढवलं आणि परक्या शहरांत जादूच्या वस्तू स्वस्तात विकणारी दुकानं काढली, तीच एन्क्लेव्ह. तलवारीने जे जमलं नाही ते व्यापाराने साधायचं. म्हणजे दुकानात बसलेला माणूस आतून कसाही असो, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ही त्याची नोकरी.

हा एवढा एक तपशील मला महिनोनमहिने पुरला. एकदा एक साहसवीर कांडी विकायला आला. त्याला ती कुठल्याशा पेटीत मिळाली होती, म्हणजे गेमच्या भाषेत नुसता लूट. मी इमोट केलं (कॅरॅक्टरची कृती टाइप केली) की कारकून कांडी उलटीपालटी करून बघतो आणि मुठीवर एका रेड विझर्डची खूण त्याच्या नजरेस पडते. समोरचा प्लेअर क्षणभर थांबला, मग टाइप केलं, "त्यांनीच भेट दिली." मी विचारलं, "अस्सं? कधी बरं? वहीत त्यांच्या निधनाची नोंद गेल्या हिवाळ्यातली आहे." एवढ्यात डीएमने दारातल्या पहारेकऱ्याचा ताबा घेतला आणि त्याला शांतपणे दाराला कडी लावायला लावली. पुढचा जवळजवळ दीड तास एकही तलवार उपसली गेली नाही. कारकून आरडाओरडा करू शकत नव्हता, कारण शहरात दुकानाचं नाव खराब झालं तर वरचे त्याला सोडणार नाहीत. साहसवीर मारामारी करू शकत नव्हता, कारण त्याला पुढेही इथूनच औषधी काढे घ्यायचे होते. शेवटी त्याने "सुरक्षित साठवणुकीचं शुल्क" भरलं, कांडी तिथेच ठेवली आणि माझे आभार मानून निघून गेला. तो प्लेअर आता माझा खास दोस्त आहे आणि त्याचं कॅरॅक्टर माझ्या कॅरॅक्टरला पाण्यात पाहतं.

मोकळ्या सर्व्हरवर हाच प्रसंग दोन फायरबॉलमध्ये संपला असता.

दुसरं उदाहरण देवाधर्माचं. नेव्हरविंटर नाइट्समध्ये कॅरॅक्टर बनवताना देवाचं नाव लिहायला एक रकाना असतो. मूळ गेममध्ये त्याने काहीच फरक पडत नाही, बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. इथे रिकामा सोडला की विचारणा होते. कारण रेल्म्समध्ये देव आहेत की नाहीत हा वादाचा मुद्दाच नाही. 1358 साली, त्यांच्या डेलरेकनिंग कालगणनेनुसार, देव स्वतः जमिनीवर उतरून रस्त्यांत फिरले होते. आणि ज्याने कुठल्याच देवाला मानलं नाही, त्याचा आत्मा मेल्यावर फेथलेसच्या भिंतीत चिणला जातो. एका नव्या मुलीला नास्तिक कॅरॅक्टर हवं होतं. सगळ्यांना वाटलं, आता नकार येणार. लोर टीमच्या माणसाने उलट विचारलं, "देव आहेत हे तिला माहीत आहे. मग ती त्यांना का मानत नाही?" त्यातून जी बाई उभी राहिली ती थक्क करणारी होती. भिंतीची पूर्ण कल्पना असूनही रागापोटी ती कुणाही देवाचं नाव घेत नाही, आणि गावातला पुजारी दर भेटीत तिला वाचवायला धडपडतो. भिंत नसती तर तो नास्तिकपणा फुकटचा होता. इथे त्याला किंमत आहे. माझ्या मते सर्व्हरवरचं सध्याचं सगळ्यात ताकदीचं कॅरॅक्टर तेच.

आता कटकटी. लोर टीम चांगली आहे, पण लोर-वकील भयंकर आहेत. हे लोक टीममध्ये नसतात, पण ऐन सीनमध्ये ओओसी (भूमिकेबाहेरच्या) कंसात टपकतात. माझ्या कारकुनाला दाढी आहे. "रेड विझर्ड डोकं-दाढी सगळं भादरतात, तुझं चुकलंय," असं तीन वेगवेगळ्या लोकांनी सीन थांबवून सांगितलं. अहो, तो रेड विझर्ड नाहीच! उमेदवारीतच नापास झालेला नोकर आहे, आणि दाढी हीच त्याची जखम आहे. हे मला त्याच्या तोंडून कधीतरी उलगडायचं होतं, ते कंसात सांगावं लागलं. त्याची चिडचिड अजून गेलेली नाही. पुस्तक पाठ असणं वेगळं आणि त्या जगात राहता येणं वेगळं.

शिवाय कॅनन, म्हणजे अधिकृत लोर, म्हणजे दगडावरची रेघ नव्हेच. एड ग्रीनवूडचं हे जग 1987 मध्ये बॉक्स सेट म्हणून विकायला आलं तेव्हापासून त्यात किती बदल झाले बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2008 च्या चौथ्या आवृत्तीत जादूची देवी मिस्त्रा मारली गेली, स्पेलप्लेग (जादूच बिघडवणारा उत्पात) आला आणि कथा एका झटक्यात शंभरेक वर्षं पुढे ढकलली. जुन्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला. आमच्या सर्व्हरने कॅलेंडर डेलरेकनिंगच्या 1370 च्या दशकात ठेवलंय आणि 1385 चा स्पेलप्लेग इथे बंधनकारक नाही. म्हणजे भूतकाळ पुस्तकाचा, भविष्य प्लेअर्सचं. याहून शहाणा नियम मी कुठल्या सर्व्हरवर पाहिलेला नाही. आणि मूळ लेखनातही व्होलो नावाचा थापाड्या भटका माहिती देतो आणि एल्मिन्स्टर हा त्याच जगातला म्हातारा जादूगार तळटीपांत त्याला झापतो. जिथे स्रोतच एकमेकांशी भांडतात, तिथे पान नंबर सांगून सीन बंद पाडणाऱ्यांना काय म्हणावं?

खास वंशांसाठी अर्ज करावा लागतो. ड्राउसाठीचे (जमिनीखाली राहणारे एल्फ) निम्मे अर्ज एकच असतात: त्यांच्या मेन्झोबेरान्झन शहरातून पळालेला, दोन तलवारीवाला, मनाने हळवा. ते बहुतेक परत येतात आणि योग्यच आहे. पण उत्तर यायला फार वेळ लागतो, आणि नकारामागचं कारण कधीकधी एका ओळीचं असतं. हे सुधारायला हवं.

तांत्रिक बाजू ठीक. जास्तीच्या फाइली आता आपोआप उतरतात, पूर्वीसारखी हॅकपॅकची (त्याच जास्तीच्या फाइलींच्या गठ्ठ्यांची) शोधाशोध नाही. ग्राफिक्सचं वय दिसतं. गर्दीच्या वेळा सोडल्या तर शहर ओस पडतं, आणि टायपिंग हळू असेल तर चार जणांच्या सीनमध्ये तुमचं उत्तर येईपर्यंत विषय बदललेला असतो.

लेव्हल वाढवायला येणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. ज्यांना बॅकस्टोरी आधी पूर्ण लिहून मग ती लोकांना ऐकवायची असते, त्यांचेही इथे हाल होतील. एखाद्या दुय्यम माणसाचं आयुष्य जगायला आवडत असेल, तर अर्ध्या पानाची बॅकस्टोरी घेऊन या आणि बाकीची सीनमध्ये घडू द्या. त्या जगाची सगळी पुस्तकं वाचायची गरज नाही. आपलं गाव, आपला देव आणि आपला मालक कोण, एवढं पक्कं माहीत असलं तरी पहिले दोन महिने आरामात निघतात. मी सध्या कारकुनासाठी बढतीचा अर्ज टाकलाय. लोर टीमने उलट विचारलंय की जुना हिशेबनीस गेला कुठे, आणि त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.