कागदावर मी तिसरा मालक: जग्वार एक्सएफ, दहा महिने आणि अकरा हजार किलोमीटर

गाडीच्या कागदांवर मी तिसरा मालक आहे. कंपनीचे मालक मोजायला बसलो तर तीन बोटं पुरत नाहीत. 2012 ची जग्वार एक्सएफ, 3.0 डिझेल, दहा महिन्यांपूर्वी घेतली. घेतली तेव्हा जो तो एकच विचारायचा, "टाटांची ना?" कुणी कौतुकाने, कुणी नाक मुरडून. एका काकांनी तर "मग आता पार्ट स्वस्त मिळतील" असं परस्पर ठरवूनही टाकलं. (नाही हो काका. अजिबात नाही.)

अकरा हजार किलोमीटर चालवून झाल्यावर सांगतो: गाडी टाटांच्या काळात बनली हे खरं, पण टाटांची म्हणावी अशी वस्तू तिच्यात शोधून सापडत नाही. मला हे आवडलंय.

आधी गाडीत बसू. दार उघडून बसलं की स्टार्टचं बटण लाल उजेडात धडधडायला लागतं, नाडी चालावी तसं. ते दाबलं की मधल्या पट्टीत सपाट पडलेली गिअरची गोल चकती हळूच वर येऊन तळहातात बसते, आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरच्या एसीच्या झडपा फिरून उघडतात. पहिले पंधरा दिवस मी कुठे जायचं म्हणून नाही, लोकांना हे दाखवायचं म्हणून गाडी सुरू करत होतो. आता सवय झाली, तरी चकती वर येताना हात आपोआप तिथे जातो.

हा सगळा थाट फोर्डच्या राज्यात ठरलेला. इयान कॅलम जग्वारच्या डिझाइनचे प्रमुख होते. जानेवारी 2007 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात नमुना दाखवला, त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात खरी गाडी आली, आणि मार्च 2008 मध्ये ती ग्राहकांना मिळू लागली. त्याच महिन्याच्या 26 तारखेला फोर्डने जग्वार आणि लँड रोव्हर टाटा मोटर्सला विकत असल्याचं जाहीर केलं. 2 जूनला व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे बाळंतपण एका घरी आणि बारसं दुसऱ्या घरी. किंमत 2.3 अब्ज डॉलर. फोर्डने 1989 मध्ये एकट्या जग्वारसाठी अडीच अब्जांच्या आसपास मोजले होते, आणि 2000 मध्ये लँड रोव्हरसाठी वेगळे पावणेतीन. दोन्ही मिळून निम्म्याहून कमी भावात गेल्या. मीही माझी गाडी पहिल्या मालकाच्या बिलाशी ताडून पाहिली, तर घसरण त्याहून मोठी निघाली. जुनी महागडी गाडी विकणाऱ्याचं दुःख काय असतं ते फोर्डला विचारावं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी मेकॅनिकच्या शेजारी उभा होतो. त्याने बॉनेटखालचा एक प्लास्टिकचा भाग काढला, फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर छाप होता 'फोमोको', म्हणजे फोर्ड मोटर कंपनी. गाडी 2012 ची, फोर्ड 2008 लाच बाहेर पडलेली! मेकॅनिकला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "साचे कोण बदलणार साहेब," म्हणाला.

बरोबरच आहे त्याचं. सह्या एका दिवसात होतात, पण साचे, पार्ट नंबर, पुरवठ्याचे करार तसेच पुढे चालतात. माझं व्ही 6 डिझेल इंजिन ज्या घराण्यातलं, ते फोर्डने फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनबरोबर मिळून उभं केलेलं. ते बनायचं इंग्लंडातल्या डॅगनहॅमला, फोर्डच्याच कारखान्यात. विक्रीनंतरही फोर्ड इंजिनं पुरवत राहील असं ठरलेलं होतं. जग्वार-लँड रोव्हरचा स्वतःच्या इंजिनांचा कारखाना वुल्व्हरहॅम्प्टनला सुरू व्हायला 2014 उजाडलं. घर विकत घेतलं, पण सहा वर्षं पाणी शेजारच्याच विहिरीचं, असा प्रकार.

इंजिनाबद्दल मात्र तक्रार नाही. दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) आहेत. साध्या चालीत एकच राबतो, मिनिटाला 2,800 फेऱ्यांच्या सुमारास दुसरा जागा होतो आणि पाठ सीटला टेकते. आठ गिअरची पेटी झेडएफची, जर्मन. सस्पेन्शन खड्डा लपवत नाही, पण त्याची धारही लागू देत नाही. ॲव्हरेज गर्दीत लिटरला नऊ, मोकळ्या रस्त्यावर चौदा. मागच्या सीटवर उंच माणूस बसवायचा असेल तर त्याला आधी कल्पना द्या, छत उतरतं आहे.

टाटांच्या आधी या नावाने काय काय पाहिलं ते वाचलं की हल्लीचे मालक फारच शहाणे वाटतात. 1922 मध्ये इंग्लंडातल्या ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली यांनी मोटरसायकलचे साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे कंपनीचं नाव झालं एसएस कार्स. दुसऱ्या महायुद्धानंतर हिटलरच्या एसएस दलामुळे ही दोन अक्षरं कुणालाच नको होती, म्हणून 1945 मध्ये मॉडेलचं नाव कंपनीला दिलं, जग्वार. 1966 मध्ये लायन्सनी ती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये (बीएमसी) विलीन केली, 1968 मध्ये सगळं ब्रिटिश लेलँडमध्ये गेलं, आणि 1975 मध्ये लेलँडच सरकारजमा झालं. तेव्हा जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यावरून जग्वार हे नावही काढलं होतं. तो झाला 'मोठ्या गाड्यांचा जुळणी कारखाना क्रमांक 2'. अशा पत्त्यावरून आलेली आलिशान गाडी कोण हौसेने घेईल?

सांगतात की जग्वारच्या एक्सजे 40 या मोठ्या गाडीच्या वेळी इंजिनिअरांनी बॉनेटखालची जागा मुद्दामच अरुंद ठेवली, वरिष्ठांना तिथे लेलँडच्याच रोव्हरचं व्ही 8 इंजिन कोंबता येऊ नये म्हणून. पुढे स्वतःचं व्ही 12 बसवायचं ठरलं तेव्हा त्याच अरुंद जागेने त्यांचाही घाम काढला. 1984 मध्ये कंपनी शेअर बाजारात स्वतंत्र झाली, पाच-सहा वर्षांत फोर्डकडे गेली.

फोर्डने पैसा ओतला, पण त्यांना सांगाडे वाटून घ्यायची सवय. जग्वारची एस-टाइप फोर्डच्याच लिंकन एलएसबरोबर, एक्स-टाइप फोर्डच्या साध्या मोंडिओवरून. माझ्या एक्सएफचा खालचा सांगाडाही एस-टाइपकडूनच आलेला. फरक एवढाच की इथे ते जाणवत नाही, आणि एक्स-टाइपला मात्र लोकांनी जन्मभर मोंडिओ म्हणून चिडवलं.

आता माझे दोन ताप. बॅटरी अशक्त झाली, पण दोष माझा. तीन आठवडे गाडी हलवलीच नव्हती. ही बॅटरी डिकीत असते, बॉनेट उघडून शोधू नका, मी शोधली. दुसरा ताप एका पार्टवाल्याचा. आधीच्या एक्सएफमध्ये 2.7 डिझेल होतं, त्याने डोळे झाकून माझंही तेच धरलं. पाठवलेला भाग बसेना, परत घ्यायला तो राजी होईना, त्यात बारा दिवस गेले. जुनी एक्सएफ घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: मॉडेलचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर द्या आणि जुन्या भागावरचा नंबर फोटोसकट पाठवा.

2024 मध्ये एक्सएफचं उत्पादन बंद झालं, आता इलेक्ट्रिकची भाषा सुरू आहे. परवा त्याच काकांनी विचारलं, "मग विकणार का?" अजून तरी नाही. मागचे दोन टायर बदलायला झालेत, ते आधी.