भिंतीवर वांगी, फळीवर कवठ: अकरा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून पाच वस्तू घेतल्या. तीन छापचित्रं, दोन शिल्पं. पाचही वस्तुचित्राच्या घराण्यातली, म्हणजे शाळेत चित्रकलेच्या तासाला मागे चादर टांगून पुढे घागर आणि दोन कांदे मांडायचे, तेच. आता दसरा झाला. एक अख्खा पावसाळा या वस्तूंनी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात काढला, तेव्हा लिहायला हरकत नाही. घरी आणल्या आणल्या लिहिलं असतं तर सगळ्यांना पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

घेतलं ते असं. एक लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेल्या ठशाची छपाई), तीन वांगी आणि विळी, साडेतीन हजार. एक एचिंग, झाकण उघडलेला जेवणाचा डबा, सहा हजार. ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून ऑनलाइन मागवलेले आंबे, बेचाळीसशे. ब्रॉन्झचं कवठ, खऱ्याएवढंच, चौदा हजार. आणि खानापूरच्या मातीचा भाजलेला लसणाचा गड्डा, नऊशे. कवठाच्या किमतीवरून घरात काय काय झालं ते इथे लिहीत नाही.

छापील चित्र भिंतीवर लावणं आपल्या लोकांना काही नवीन नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आमच्या आजोळीही माजघरात एक लक्ष्मी होती, हत्तीच्या सोंडेवर वाळवीने वाट काढलेली. फरक एवढाच की त्या प्रती मोजून काढलेल्या नव्हत्या. आजचा प्रिंटमेकर ठरवून वीस-तीस प्रती काढतो, खाली पेन्सिलीने ११/३० असा आकडा घालतो, उजव्या कोपऱ्यात सही करतो आणि बहुतेक वेळा पुढे तो ठसा आडवा-उभा खरवडून बाद करून टाकतो. माझ्या वांग्यांचा आकडा ११/३०. अकरावी प्रत पहिलीपेक्षा कमी दर्जाची असते असं मला वाटायचं. तसं काही नसतं.

आता मुख्य तक्रार, आणि ती चित्राची नाही, फ्रेमची आहे. लिनोकट आणल्यावर गावातल्याच एका फ्रेमवाल्याकडे दिलं. त्याने दोन दिवसांत चकाचक करून दिलं, बाराशे रुपये. मी खूश. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला लावलं, दारातून आत आलं की समोर दिसावं म्हणून. बेळगावात राहून पश्चिमेची भिंत निवडणारा माणूस म्हणजे मीच. सह्याद्रीकडून येणारा पाऊस जून ते सप्टेंबर त्याच भिंतीवर आडवा मारतो. अथणीकडे असतो तर कदाचित निभावलं असतं, तिकडे पाऊसच किती! आषाढात एक दिवस बघतो तर कागदाला लाटा आलेल्या, वरचा कोपरा काचेला टेकून चिकटलेला, आणि वांग्यांच्या आजूबाजूला चहाच्या थेंबासारखे तपकिरी डाग.

ज्याने ठसा कोरला त्या कोल्हापूरच्या पोराला फोन लावला. तो आधी म्हणाला, ‘ओढू नका.’ मग म्हणाला, ‘मागचा पुठ्ठा उघडून फोटो पाठवा.’ उघडलं. मागे साधा हार्डबोर्ड, चित्र त्याला चारी बाजूंनी पांढऱ्या गोंदाने डकवलेलं, वर सेलोटेप, आणि काच थेट कागदावर. एक कसर निवांत चालत गेली.

त्याने सांगितलं ते इथे देतो, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चित्राच्या मागे-पुढे अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा हवा, साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं. काच आणि कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटर पोकळी हवी. कागद चारी बाजूंनी डकवायचा नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून नुसता लटकता ठेवायचा, म्हणजे हवेप्रमाणे त्याला फुगता-आकसता येतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यातून वारा फिरतो. आणि भिंत घराच्या आतली. आम्ही जिन्याची भिंत घेतली. स्वयंपाकघराशेजारची आईने सुचवली होती, पण फोडणीचा तेलकट धूर काचेमागेही शिरतो.

दुसरी फ्रेम अठ्ठावीसशेला पडली. म्हणजे साडेतीन हजारांच्या चित्राला दोन्ही मिळून चार हजारांच्या फ्रेमा. हिशेबनीस माणसाला हे पचत नाही, पण आता कुणी विचारलं तर मी सांगतो की बजेटचे दोन भाग करा, एक चित्राचा, एक फ्रेमचा, आणि दुसरा उरला नाही तर पहिलं घेऊच नका. कागदाची गुंडाळी कपाटात कापूर घालून ठेवलेली परवडली.

ऑनलाइन आंब्यांबद्दल थोडक्यात. पेटीवर ‘जिक्ले’ लिहिलेलं. १९९१ साली अमेरिकेतल्या जॅक डुगॅन नावाच्या छपाईवाल्याने इंकजेटला हे गोंडस नाव दिलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ फवारा, पिचकारी. भिंगातून बघितलं की बारीक ठिपकेच ठिपके. वाईट काही नाही, शाई चांगली असेल तर रंग टिकतो, पण कलाकाराचा हात त्या कागदाला लागलेला नसतो. आकडा होता २१२/५००, सहीसुद्धा छापलेली. पाचशे म्हणजे काय लिमिटेड? आमच्या गल्लीतही तेवढी घरं नाहीत. सध्या ते बाथरूमच्या बोळात आहे आणि तिथे बरं दिसतं.

एचिंगचं मात्र वेगळं. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने त्यावर चित्र काढतात, पत्रा आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा खाल्ल्या जातात. त्या खाचांत शाई भरून वरची पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढतात. म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन उमटतो. घेताना तो बघा, कागद तिरपा धरून. इटलीत बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदीने (१८९० ते १९६४) बाटल्या, डबे आणि सुरया घेऊन आयुष्य काढलं, आणि तो तिथल्या कला अकादमीत एचिंगच शिकवायचा. नुसत्या आडव्या-तिरप्या रेघांच्या जाळीतून डब्याचं वजन कसं दाखवायचं, हे त्याचं बघून कळतं.

माझा डबा तीन महिने मला रिकामा वाटत होता. मीही एकोणीस वर्षं असाच डबा घेऊन उद्यमबागेत जातो, रिकामा कसा दिसतो ते मला पाठ आहे. मार्चमध्ये एका सकाळी जिन्याच्या झरोक्यातून ऊन तिरपं आलं आणि खालच्या कप्प्यातल्या काळ्या सावलीत अगदी बारीक रेघांची एक कमान दिसली. अर्धी भाकरी. कुणीतरी न संपवता परत आणलेली. मी तिथेच पायरीवर बसलो. त्या दिवशी कामावर उशीर झाला आणि कारण काय सांगायचं ते सुचेना. (त्या झरोक्याला नंतर पडदा लावला. म्युझियमवाले कागदी कामांवर साधारण पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, आणि इथे थेट ऊन.)

कवठाची गोष्ट जरा दुःखाची. मी फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, हिशेब बघतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते पिशवीत घालून कामावर नेलं. आमचे मोल्डर मामा आयुष्यभर वाळूत व्हॉल्व्ह-बॉडी ओतत आलेले. त्यांनी कवठ हातात घेऊन तोललं, पाऊण किलो असेल म्हणाले, मग उलटं करून नखाने खालचा भाग चाचपत म्हणाले, ‘कोअर कुठनं काढला रे ह्यातला?’ मेणाचा साचा वितळवून केलेलं काम आहे, आतला कोअर, म्हणजे वस्तू पोकळ राहावी म्हणून ठेवलेला गाभा, खिळ्यांवर तोललेला असतो आणि खिळ्यांची भोकं मागाहून बुजवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनीच दोन बुजवलेली भोकं शोधून दाखवली. मला अजूनही सापडत नाहीत. ब्लो-होल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक, एकही नाही म्हणाले. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक माझ्याकडे कुणाचं नाही.

त्याचा रंग सुंदर होता, तपकिरीवर राखाडी, जुन्या कवठाच्या खरखरीत सालीसारखा. तो रंग ब्रॉन्झ तापवून वर रसायनं देऊन आणलेला असतो, वर मेणाचा हात. श्रावणात पहिल्या सोमवारी देवाची भांडी घासताना आईने कवठही चिंचेने घासून काढलं. संध्याकाळी घरी आलो तर फळीवर लोटीसारखं लखलखीत पिवळं कवठ.

‘किती काळं पडलेलं रे ते,’ आई म्हणाली. ‘चौदा हजार दिलास, दोन रुपयांची चिंच लावायला काय झालं तुला?’

कोल्हापूरला शिल्पकाराकडे पाठवलं. पंधराशे घेऊन त्याने परत रंग दिला, पण तो आधीचा नाही, हिरवट झुकतो. मऊ फडक्याने कोरडं पुसायचं आणि वर्षातून एकदा रंगहीन मेण लावायचं, एवढंच करा म्हणाला. भांडी घासायला येणाऱ्या अक्कांनाही कानडीत समजावून सांगितलं. त्या कवठाकडे बघून ‘बेलद हण्णु’, म्हणजे कवठ, म्हणाल्या आणि लांबच राहतात.

लसणाचा गड्डा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचा. खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, तिथल्या मातीचा लौकिक जुना. जुलैत त्यावर पांढरा खार फुलून आला. पाण्याने धुवायचा मोह टाळला, कोरड्या ब्रशने झटकला, गेला. पाकळ्यांच्या मधल्या खाचेत अजून थोडा आहे, तो खऱ्या लसणाच्या सालीसारखाच दिसतो.

वांग्यांवरचे डाग मात्र राहिले. घरी ब्लीच वगैरे करू नका, कागद मरतो असं त्या पोराने बजावलं, म्हणून हात लावला नाही. त्यातला एक नेमका मधल्या वांग्याच्या देठाखाली आहे, जिथे वांगं काळं न छापता कागद कोरा सोडलाय. दसऱ्याला सोनं द्यायला मावशी आल्या, जिन्यात थांबून बराच वेळ बघत होत्या. मग आईला हाक मारून म्हणाल्या, ‘चांगलंय गं. पण एवढे पैसे देऊन किडकं वांगं कशाला घेतलं ह्याने?’