24 व्होल्ट, 56 वेढे: घरच्या पवनचक्कीचं वाइंडिंग एका पावसाळ्यानंतर

पाटणच्या पठारावर, जिथून वनकुसवड्याच्या मोठ्या चक्क्या दिसतात, तिथे आमची 2.4 मीटर व्यासाची घरगुती पवनचक्की वैशाखात उभी केली. पावसाळाभर ती दणकून चालली. आता वारा पडलाय, तेव्हा लिहायला फुरसत आहे. पाती, खांब, शेपूट यांवर पुष्कळ वाचायला मिळतं. मी फक्त कॉइलबद्दल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांबद्दल लिहितो.

मांडणी नेहमीचीच. दोन लोखंडी तबकड्यांवर प्रत्येकी 12 निओडिमियम चुंबकं (46×30×10 मिमी), मधे रेझिनमध्ये ओतलेल्या 9 कॉइल (हा न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर), थ्री फेज, स्टार जोडणी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधलेलं). 1-4-7 एक फेज, 2-5-8 दुसरा, 3-6-9 तिसरा.

खरा प्रश्न वेढे किती घ्यायचे हा. रिवाइंडिंगवाल्या मित्राचं म्हणणं, ‘टर्न वाढव, पॉवर वाढेल.’ पण फॉर्म्यात, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या साच्यात, जागा तेवढीच असते. वेढे दुप्पट केले की तारेचं छेदक्षेत्र निम्मं करावं लागतं आणि रोध चौपट होतो. म्हणून मी उलटीकडून आलो. सेकंदाला 3 मीटर वाऱ्यात ही पाती साधारण 165 आरपीएमने फिरतात. तिथेच बॅटरी चार्ज व्हायला लागली पाहिजे. 24 व्होल्टच्या बॅटरीला हिशेब 56 वेढ्यांवर आला. 18 गेजच्या दोन तारा जोडीने गुंडाळल्या. एकच जाड तार कोपऱ्यात नीट बसत नाही, शिवाय ती चुंबकांसमोर उघडी असल्याने तिच्यात भोवरा-प्रवाहही (तांब्यातल्या तांब्यात गोल फिरून नुसती उष्णता करणारे) जास्त होतात. तांबं सव्वादोन किलोच्या आसपास लागलं.

रेझिन ओतण्याआधीची एक चाचणी चुकवू नका. तबकड्या हाताने सेकंदाला एक फेरा अशा चालीने फिरवायच्या आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून दोन-दोन फेजांच्या मधे व्होल्टेज मोजायचं. मला तिन्ही जोड्यांवर साडेसहा व्होल्टच्या जवळपास मिळाले. एखादी कॉइल उलटी जोडली गेली असेल तर आकडे लगेच विसंगत येतात. ओतल्यावर मात्र हातोडी घेऊनच आत जावं लागतं.

आता वापराचा अनुभव. हलक्या वाऱ्यात समाधान आहे. झुळूक आली की अँपमीटरचा काटा हलतो. जोराच्या वाऱ्यात मात्र दुसरी बाजू कळली. दोन फेज मिळून रोध अर्ध्या ओहमच्या आसपास. 10 अँपिअरला स्टेटरमध्ये सुमारे 50 वॉट उष्णता होते, 20 अँपिअरला सुमारे 200. करंट दुप्पट, ताप चौपट. मधल्या कॉइलजवळ ओतताना एक सेन्सर पुरून ठेवला होता, आणि आषाढातल्या वादळात मी चक्कीपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होतो. रेझिन साधं पॉलिएस्टर न वापरता व्हिनाइल एस्टर वापरलं ते बरं झालं. ते उष्णता जास्त सोसतं. महाग आहे, पण इथे काटकसर करू नये.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना उफराटी वाटेल. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यातही जनरेटर पात्यांना मनासारखा वेग घेऊ देत नाही. पाती अडखळतात, आवाज बदलतो. लाइनमध्ये बाहेर थोडा रोध घातला की पाती मोकळी होतात, आणि उष्णतेचा काही भाग स्टेटरऐवजी बाहेर जातो. मी निक्रोमची (हीटरमध्ये असते ती) तार टाकून पाहिली, फरक पडला. मात्र हलक्या वाऱ्यात तीच तार फुकट वीज खाते, म्हणून स्विच ठेवलाय.

डेल्टाचं (स्टारऐवजी तीन फेज त्रिकोणात जोडण्याचं) विचारणाऱ्यांना एवढंच: त्याच वेढ्यांत व्होल्टेज 1.73 पटीने कमी होतं आणि आतल्या आत करंट फिरत राहतो. मला ते नको होतं.

खांब घरापासून बराच लांब असेल तर सरळ 48 व्होल्ट घ्या. फॉर्मा हाच, 18 गेजची एकेरी तार आणि 112 वेढे. तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा होतो, तीच केबल वापरली तर तिच्यातला तोटा चौथाईवर येतो. फक्त कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) 48 चा आहे ना, आणि वाऱ्यात बॅटरीची जोडणी तुटली तर वाढणारं व्होल्टेज तो झेलेल ना, हे खरेदीआधी विचारून घ्या.